गुरुवारचा बेंजो

आपला नवरा गुरुवारीच एवढा खूश का असतो, हे कल्पनाला काही केल्या उमगत नव्हतं.

एरवी शेखर म्हणजे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. पिरंगुटच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभं राहून पाय भरून आले, डबा गार होता, नवा साहेब खवीस आहे, हे सगळं तो बूट काढता काढता सांगून टाकायचा. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. सकाळी न्याहारी करून जो निघायचा, तो ऊन कलल्यावर शीळ वाजवत परतायचा. आल्या आल्या म्हशीला पाणी दाखवायचा, तेही न सांगता! न सांगता काम करणारा नवरा म्हटल्यावर कुठल्या बाईच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

जायचा कुठं, ते तिला माहीत होतं. भातगिरणीवाला माऊली, पौडचा इस्माईल टेलर, आणखी दोघंतिघं आणि हा, अशी त्यांची बेंजोपार्टी होती. माऊलीचा ढोल, इस्माईलचा ताशा, याचा बेंजो. पार्टी निघून दोन वर्षं झाली होती, पण वाजवायला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

कल्पनानं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. बडीशेप. मग सरळच विचारलं, "एक सुपारी न्हाई मिळाली तुमाला. मग वाजिवता कशाला?"

"मग काय सुपारी आल्यावर शिकायचं?" असं म्हणून तो म्हशीकडे गेला.

एवढ्यानं गप्प बसणारी ती नव्हे. एका गुरुवारी भाकरी पोचवायचं निमित्त काढून ती गिरणीवर गेली. गुरुवारी दुरुस्तीपायी दिवसभर वीज बंद, म्हणून गिरणी बंद, म्हणून ती जागा मोकळी. आत ढोलताशानं पत्रे थरथरत होते, कोंडा उडत होता. शेखर पोत्यावर बसला होता. मांडीवर बेंजो, डोळे मिटलेले, एका हाताची बोटं बटणांवर पळताहेत, दुसरा हात तारा छेडतोय. आणि आवाज? शून्य. बेंजोला आवाज मोठा करणारं मशीन लागतं, मशीनला वीज लागते. दात आहेत तर चणे नाहीत, तशी गत. सुट्टी असते तेव्हा वीज नसते. घरी वाजवावं, तर शेजारच्या तिन्ही खोल्या भाड्यानं दिलेल्या आणि त्यातली पोरं पहाटेच्या पाळीची, दिवेलागणीलाच झोपणारी. म्हणून बेंजो गिरणीतच राहायचा.

घरी परतताना वाटेत ती म्हणाली, "आवो, तुमचं कुणालाच ऐकू येत न्हाई."

"मला येतंय की."

"त्या ढोलात?"

"मनात," तो म्हणाला. "लई बेस वाजतंय बघ."

ती पदराआड हसली. पण संध्याकाळी पीठ मळताना तिला त्याचा हेवा वाटला. आपल्या मनात असं काय बेस चाललंय, हे तिनं शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

मग जत्रेच्या पंचांनी त्यांना देवाच्या छबिन्यापुढं वाजवायला बोलावलं. पहिलीच सुपारी! माऊलीनं लगेच कुणाचा तरी जनरेटर आणला. त्या गुरुवारी कल्पना न बोलावता गिरणीवर हजर झाली. मनातलं ते वाजणं कसं आहे, हे एकदा ऐकायचंच होतं तिला.

भोंग्यातून चाल निघाली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत चाल लंगडली, मग भलतीकडेच भरकटली. शेखरनं डोळे उघडले आणि भोंग्याकडे बघितलं, जणू आत दुसराच कुणी वाजवत होता. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच घात. माऊली ढोलाची दोरी ताणत बसला. इस्माईल ताशाच्या काड्या न्याहाळत राहिला. शेखरनं बेंजो पोत्यावर ठेवला, "पाय दुखत्यात" म्हणाला आणि निघून गेला.

पुढचा गुरुवार त्यानं घरीच काढला. "जत्रंला दुसरा कुणी बघा म्हनावं," एवढंच बोलला. शीळ नाही, म्हशीकडे जाणं नाही. कल्पनाला फार वाईट वाटलं. मनातला बेंजो बंद पडला होता आणि तो बंद पडताना आपण तिथं उभ्या होतो, हे तिला सलत राहिलं.

ती तडक पौडला इस्माईलच्या दुकानात गेली. "भाई, तुमी हसलात का त्यांना?"

इस्माईलनं शिलाई थांबवली. "हसलो असतो तर बरं झालं असतं, वहिनी. गप बसलो, तेच वंगाळ झालं." दोरा तोडत म्हणाला, "दोन वर्सं मांडीला मांडी लावून बसतोय. पन शेखर काय वाजिवतो, ते मला कुटं ठावं हुतं? मला माझा ताशा ऐकू येत हुता."

त्याच्या पुढच्या गुरुवारी इस्माईल आणि माऊली मोटारसायकलवरून दारात आले. "वाजवू नगंस. नुसता ढोल उचलाया चल," माऊली म्हणाला आणि दोघं शेखरला मध्ये बसवून घेऊन गेले.

कल्पनाचा पाय घरात ठरेना. दुपारी भाकरी बांधून ती निघाली. गिरणी जवळ आली तरी ढोल नाही, ताशा नाही, जनरेटरची घरघर नाही. भांडलेबिंडले की काय, या भीतीनं तिनं झपझप पाऊल उचललं.

दारातून बघते तर सगळे शेखरला खेटून बसलेले. ढोल बाजूला, ताशा पालथा. माऊलीसारखा धिप्पाड गडी गुडघ्यांवर ओणवा होऊन कान बेंजोला लावून होता. तारांचा बारीक, पत्र्यावर चिमणी चालावी तसा आवाज येत होता.

"जनरेटर बिघडला का काय?"

"चांगला हाय. बंद ठिवलाय," इस्माईल हळूच म्हणाला. "गावानं ऐकायच्या आधी आमी ऐकतोय, वहिनी. ऱ्हाऊनच गेलं हुतं."

शेखर दुसऱ्या ओळीत चुकला. थांबला. मान वर न करता म्हणाला, "हितंच जातंय."

"मग हितनंच घे," माऊली म्हणाला.

त्यानं घेतलं. चुकला. परत घेतलं, परत चुकला, आणि या खेपेला इस्माईलला हसू आवरेना. मग माऊली हसला. आणि मग शेखर स्वतःच इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

कल्पनानं भाकरीचं फडकं कोनाड्यात ठेवलं आणि माऊलीला कोपरानं ढोसलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "मलाबी ऐकू द्या."