भात उभा असतानाचा तारपा

अगं, जवळ बस. दारातूनच पळायची तुझी सवय काही जात नाही. नव्वद सालच्या आसपास आम्ही डहाणूला रेल्वेच्या चाळीत होतो. बदली आली, तेव्हा जाण्याआधी वारल्यांचा तो फुंकून वाजवायचा तारपा ऐकायचाच म्हणून मी सायवनकडच्या नदीकाठच्या पाड्यावर गेले. एक म्हातारा सुकलेल्या भोपळ्याला मेण लावून तारपा जोडत होता.

"बाबा, थोडा वाजवा ना."

"भात उभा हाय, बाय. आता वाजवला तं पोरी नाचाया लागतील. कापील कोन, तू?"

"कापणीपर्यंत मी इथे नसेन हो."

त्याने तारपा उचलला आणि न फुंकताच भोकांवर बोटं फिरवली. अंगणात तांदूळ पाखडणारी त्याची सून हसून नाचाचे पाय टाकू लागली.

"हिला आला ऐकू," तो म्हणाला.

मला आवाज ऐकायला मिळाला नाही, पण बोटं लक्षात आहेत. निघालीस लगेच? पुन्हा ये सवडीनं, दाखवते.