निंबार्ते साहेबांचं तोंडी गणित

निंबार्ते साहेब शाळेत आले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग मी खास पुसून ठेवलेली खुर्ची बाजूला सारायचे आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायचे. "ये बा, एकेक जन या. भ्याचं नाही. मी बी तुमच्यासारखाच भिऊन राहिलो," असं म्हणून पोरांना बोलवायचे. पोरं एकमेकांच्या पाठीमागे दडायची. पंचायत समितीचा एवढा मोठा शिक्षण विस्तार अधिकारी आपल्याला भितो म्हणतो, म्हणजे यात काहीतरी डाव असणार, असं त्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. भंडारा जिल्ह्यात, एकोडीच्या पुढे चार मैलांवर, जंगलाच्या कडेला एक टोली होती. टोली म्हणजे तीस-चाळीस घरांची वस्ती. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. पहिली ते चौथी, एक खोली, आणि चारही वर्गांना मिळून एक मी. वर्षातून एकदा साहेब सायकलवरून यायचे आणि पोरांचं अंकगणित तपासून पास-नापास ठरवायचे. इतर अधिकारी हे काम तासाभरात उरकत. फळ्यावर एक बेरीज, एक वजाबाकी, पाट्या वर करा, झालं. मग सरपंचाकडे कोंबडीचं जेवण. साहेबांना सत्तावीस पोरांसाठी अख्खा दिवस लागायचा. प्रत्येकाला तीन गणितं, तीही तोंडी.

उत्तर बरोबर आलं तरी ते "शाब्बास" म्हणत नसत आणि चुकलं तरी कपाळाला आठी नसे. दोन्ही वेळा एकच प्रश्न यायचा, "कसा काढलास? सांग ना मले." पोरगं जे सांगेल ते वहीत लिहून घ्यायचे. वर पाठवायच्या तक्त्यात फक्त गुणांचा रकाना होता, या वहीला कोणी विचारत नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "मास्तर, उत्तर त बाजूच्याचं पाहूनबी देता येते. रस्ता त्याचा त्यालेच ठाऊक राहते."

हातच्याच्या बेरजेला एखादं पोरगं अडलं की ते त्याची मूठ मिटवून द्यायचे आणि वर म्हणायचे, "हा एक इथं ठेव. सोडू नको बा, पडला त गेला." एकदा दुसरीतला एक पठ्ठ्या शाळा सुटेपर्यंत मूठ मिटून बसला होता. घरी जाताना साहेबांना विचारतो कसा, "आता सोडू का?" साहेब हसले तेव्हा त्यांच्या तोंडात पुढचा एक दात नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. तोवर मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

जेवण त्यांचं त्यांच्याबरोबर असायचं. पितळी डब्यात भात आणि जवसाची चटणी. शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली पाठ फिरवून ते एकटेच जेवायचे. गावचा चहासुद्धा घेत नसत. "ज्याच्या घरी खाल्लं, त्याच्या पोट्ट्याले नापास करताना हात कापते," म्हणायचे. तत्त्व चांगलंच होतं, पण त्यापायी झालं काय, की पंधरा-वीस वर्षं तालुक्यातली गावं न् गावं फिरूनही या माणसाला कुठल्या घरात पाट नव्हता. मास्तर लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, पुन्हा लग्न केलं नाही, एवढी माहिती मला साकोलीच्या कारकुनाकडून मिळाली. साहेब स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नसत. मीही तेव्हा एकटाच राहायचो, पण माझं एकटेपण नवं होतं, बदली झाली की संपणारं होतं. त्यांचं अंगवळणी पडलेलं होतं.

अशाच एका एप्रिलमध्ये चौथीतल्या सगुणाचा नंबर आला. हुशार पण अबोल पोर. पहिलं गणित तिला आलं, दुसरं चुकलं. तिसऱ्यावर पास-नापास होतं. साहेबांनी विचारलं, "तुह्या बापानं खळ्यावर बारा पायल्या धान मोजला. पाच पायल्या इकला. घरी किती आला?"

सगुणानं क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, "सहा."

"कसा काढला वं?"

सगुणा खाली बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं, तरी नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, डोळे लाल झाले होते, बाहेर सहा पोरं अजून बाकी होती. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. वहीत चूक अशी खूण केली. सगुणा नापास झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. मीही फार चौकशी केली नाही. पोरी अशा गळतच असत.

डिसेंबरात धानाची मळणी चालू असताना एका दुपारी साहेब अचानक दारात उभे राहिले. तपासणी नव्हती, काही नव्हतं. सायकल तशीच भिंतीला टेकवून म्हणाले, "मास्तर, तुम्हाले मालूम होतं काय? ह्या टोलीत पहिली पायली देवीची राहते?"

झालं होतं असं, की पुढच्या गावाहून येताना त्यांची सायकल पंक्चर झाली आणि ते एका खळ्यावर टेकले. तिथं मोजणी चालली होती. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणाला नाही, 'लाभ' म्हणाला आणि ती पायली वेगळी सुपात ओतली. मग दोन, तीन, चार. ती लाभाची पायली मोजणीत धरायची, पण घरात न्यायची नाही, गावदेवीला द्यायची. बारातून पाच विकल्या, एक देवीला गेली, घरी आल्या सहा. सगुणाचं उत्तर बरोबर होतं. साहेबांनी 'खळ्यावर' म्हटलं आणि तिनं खळ्यावरचा हिशेब सांगितला. 'कसा' ते तिला सांगता आलं नाही, कारण देवीची पायली साहेबाला ठाऊक नसेल हे तिच्या डोक्यातच आलं नसणार.

मला मालूम नव्हतं. दोन वर्षं त्या टोलीत राहून मी एकदाही खळ्यावर गेलो नव्हतो. तसं मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त सगुणाच्या घरची वाट विचारली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं सगुणाच्या घरी गेलो. ती सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून कात्रीनं बिडीची पानं कापत होती, आम्हाला पाहताच सूप टाकून आत पळाली. बापानं घाईघाईनं खाट टाकली. साहेब बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "तुमची पोट्टी चुकली नोहोती. मी चुकलो. तिले परत शाळेत धाडा."

साहेब माणूस दारात येऊन माफी मागतो, याचं काय करायचं ते त्या बिचाऱ्याला कळेना. हात जोडून तो एवढंच म्हणत राहिला, "पाहू ना सायेब, पाहू. तुम्ही कायले एवढ्या दूर आले? चाय घ्या." आणि साहेबांनी चहा घेतला. अर्धी कपबशी, उभ्यानं, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा.

आमच्याकडे 'पाहू ना' म्हणजे नाही, हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. तरी त्या जूनमध्ये ते पुन्हा आले, पुढच्या जूनमध्येही आले. सगुणा शाळेत आली नाही. मग तिचं लग्न झालं. साहेब निवृत्त झाले आणि वैनगंगेच्या काठी, कारध्याला एक खोली घेऊन राहू लागले. मी भंडाऱ्याला गेलो की पूल ओलांडून त्यांच्याकडे जायचो. दर वेळी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सगुणाचं काय समजलं?" मी नाही म्हणायचो. कधी आपणहून म्हणायचे, "रागात असन ते माह्यावर. असावंच."

ऐंशीनंतर माझी बदली करडीला झाली. तिथं सहा-सात वर्षं झाल्यावर एका जूनमध्ये एक बाई पोरीला पहिलीत घालायला घेऊन आली. आपलं नाव आणि माहेरची टोली सांगितली आणि मी उडालोच. सगुणा! मी तिला सगळं सांगितलं. ते बारा पायल्यांचं गणित, ती देवीची पायली, साहेब तिच्या दारी आले होते ते. ती कौतुकानं ऐकत होती, दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तशी.

"कोनते सायेब, गुरुजी? मले त काही आठवत नाही."

"अगं, त्यांनी तुला नापास केलं म्हणून तुझी शाळा सुटली ना!"

ती हसली. "त्याच्यानं कायले सुटन? माय बिमार, बाबू तान्हा. बाबानं त दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, चौथी झाली का बस. पास झाली असती तरी घरीच बसनार होती मी."

आनंदानं मला काही सुचेना. इतकी वर्षं एक माणूस विनाकारण स्वतःला कोसत बसला होता, आणि त्याला मोकळं करायचं भाग्य माझ्या वाट्याला आलं होतं. पुढच्याच रविवारी मी कारध्याला गेलो. दारातूनच सांगायला सुरुवात केली. तिचा तुमच्यावर राग नाही, कधी नव्हताच, तुमच्यामुळे काहीच बिघडलं नाही साहेब, तिला तर तुम्ही आठवतसुद्धा नाही.

साहेब खाटेवर बसले होते. नदीकडून धुणी आपटल्याचे आवाज येत होते. मग ते म्हणाले, "बरं झालं बा. चांगलं झालं." आणखी थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मले वाटे, कोनी नाही त ते एक पोट्टी तरी आपली याद करत असन. रागात का होईना."

मी तिच्या पोरीबद्दल सांगत बसलो, करडीच्या शाळेबद्दल सांगत बसलो. ते मान हलवत होते. निघताना नेहमीसारखे पुलापर्यंत पोचवायला आले नाहीत. सगुणाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही, आणि मीही त्या पावसाळ्यात एकदाच जाऊ शकलो. थंडीत ते गेले. खोलीच्या मालकानं सगळं केलं. मला आठ दिवसांनी कळलं.

मास्तर म्हणून आयुष्यभर मी पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि ते शिकवल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या रविवारी, त्या दारात, मी खोटं बोलायला हवं होतं. "हो साहेब, सगुणा भेटली होती. फार राग आहे तिला तुमचा अजून." बस, एवढंच म्हणायचं होतं.