अख्ख्या बुटाची पायरी

हिमनदीवर खोदलेली पायरी संध्याकाळपर्यंत टिकते. दुसऱ्या दिवशी तिथे नुसता पाणी साचलेला खळगा असतो आणि पायरी नव्याने खोदावी लागते. नेव्हिल हॅनराहनने उभा जन्म हेच काम केलं. बर्फ बघायला आलेले पाहुणे मागे, तो पुढे, हातात टिकाव. मागे काहीच उरत नाही असलं काम नवऱ्याने पत्करलं, हे त्याची बायको नोलीन चारचौघांत सांगायची आणि वर म्हणायची, "स्वयंपाकाचंही तसंच आहे म्हणा. पण त्याचे फोटो काढायला परदेशातून कोणी येत नाही."

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावातून बर्फापर्यंत पूर्वी चालत जाता यायचं. त्या काळात गावात पहिलं हेलिकॉप्टर आलं तेव्हा सभागृहातल्या बैठकीत नेव्हिल उठून बोलला होता. "ज्याला बर्फ बघायचाय त्याने पाय वापरावेत. देवाने दोन दिलेत." मग तो सह्या गोळा करत घरोघर हिंडला. वैमानिकांनी त्याचं नाव 'पायदळ' ठेवलं.

सह्यांचं पुढे काही झालं नाही. हिमनदी मात्र मागे सरली. दरवर्षी थोडी थोडी, कुणाला न विचारता. दरीत उरले दगड, गढूळ नदी आणि ढासळणारे कडे. चालत जायची वाट बंद झाली. आता बर्फ गाठायचा तर हेलिकॉप्टरनेच. पहिल्या दिवशी नेव्हिल डोळे घट्ट मिटून आत बसला. वैमानिक म्हणाला, "या पायदळ, या. पाय आत घ्या." नेव्हिलने पाय आत घेतले. काम वर होतं, आणि कामावर जायला दुसरी वाट नव्हती.

त्या यंत्रात बसण्याआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. बुटांसकट, डब्यासकट. पुढे कोण, मागे कोण, हे काटा ठरवतो. वाटाड्यांनाही सूट नाही. वर्षानुवर्षं नेव्हिल काट्यावर चढायचा आणि क्रेग, म्हणजे कंपनीचा व्यवस्थापक, सुस्कारा टाकायचा. एका वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरात, तो सुस्काऱ्यावर थांबला नाही.

"नेव्ह, तू बसलास की माझी एक जागा रिकामी जाते."

"मी भरतो की ती."

"तू दीड भरतोस. हे बघ, नाताळच्या आत नव्वद किलोच्या खाली ये. नाहीतर खाली बस आणि पाहुण्यांना बूट वाटत जा."

बूट वाटणं म्हणजे ओल्या मोज्यांच्या वासात दिवस काढणं. नेव्हिल घरी आला आणि नोलीनला म्हणाला, "आजपासून माझं तळण बंद."

"किती उतरवायचंय?"

"नव्वदच्या आत."

"नव्वद? तू आपल्या लग्नातसुद्धा नव्वदच्या आत नव्हतास. फोटो आहे माझ्याकडे, त्यात मी दिसत नाही."

ते दिवस नेमके व्हाइटबेटचे होते. सुईएवढे ते पारदर्शक मासे नदीच्या मुखाशी जाळ्याने धरायचे, अंड्यात कालवायचे आणि लोण्यावर धिरडी घालायची. त्या किनाऱ्यावर या दिवसांत धिरडं नाकारणाऱ्याला लोक आधी तब्येत विचारतात, मग धर्म. नेव्हिल उकडलेला कोबी खात होता. त्याला त्रास नको म्हणून नोलीन आपली ताटली घेऊन व्हरांड्यात जाई. व्हरांडा खिडकीला लागून होता आणि वारा नदीकडून यायचा.

नाताळाआधी तो नव्वदच्या आत आला. क्रेगने त्याची पाठ थोपटली. पाठही पूर्वीएवढी राहिली नव्हती.

वर गेल्यावर टिकाव उचलला तेव्हा नेव्हिलला कळलं. टिकाव हातांनी मारत नाहीत. तो उचलायचा आणि मग आपलं सगळं अंग त्याच्यामागे टाकायचं. हात नुसती दिशा दाखवतात. आता त्याच्या अंगात टाकायला काही उरलं नव्हतं. पूर्वी जे काम चार घावांत व्हायचं ते दहात होईना. मागे पाहुणे खोळंबायचे, म्हणून तो तीन घावांतच थांबायचा. पायरी व्हायची, पण अर्ध्या बुटाची.

त्याच्या लेखी पायरी म्हणजे अख्खा बूट टाचेसकट मावला पाहिजे, आणि ती आत किंचित कललेली हवी. बाकी सगळं म्हणजे ओरखडे.

गंमत अशी की कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे खूश. एक बाई म्हणाल्या, "किती नाजूक पायऱ्या!" क्रेगही खूश. "हल्ली तू वेळेच्या आधी वर पोचवतोस, नेव्ह. आधीच उतरवायला हवं होतं तुझं वजन."

मेरेआना ही त्याच्याबरोबरची वाटाडी, दोन हंगामांपूर्वी आलेली. तिला मात्र दिसत होतं.

"चालतंय की, नेव्ह. बुटांना काटे बांधलेत त्यांच्या. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

त्याने उपाय करून पाहिले. पाहुणे फोटो काढत उभे असायचे तेव्हा तो परत खाली येऊन त्याच पायऱ्या पुन्हा खोदायचा. दुपारपर्यंत हात भरून यायचे आणि वरच्या पायऱ्या आणखी उथळ व्हायच्या. एके दिवशी एका धिप्पाड पाहुण्याची टाच पायरीबाहेर राहिली. तो डुलला. मेरेआनाने त्याची पिशवी धरून त्याला बर्फाच्या भिंतीकडे ओढलं. झालं काहीच नाही. पाहुणा हसला आणि त्याने त्या अर्ध्या पायरीवरच्या आपल्या बुटाचा फोटो काढून घेतला.

नेव्हिल हसला नाही. त्या संध्याकाळी तो घरात शिरला आणि बूट न काढताच म्हणाला, "नोलीन, तवा ठेव."

"अरे, पण वजन?"

"तवा ठेव. फ्रीजरमधले सगळे मासे काढ."

तो खात राहिला. नोलीन अंडी फोडत राहिली. दोन आठवड्यांत टिकाव पुन्हा बसू लागला. पायरीत टाच मावू लागली. मग काटा नव्वदच्या पुढे गेला.

क्रेग आकड्याकडे बघतच राहिला. "हे काय? एवढे महिने खपलास आणि..."

"खाल्लं."

"मुद्दाम?"

"कोणी चुकून एवढं खातं का? क्रेग, तुझ्या वजनात मी उडू शकतो, पण पायरी खोदू शकत नाही. माझ्या वजनात खोदू शकतो, पण तू उडू देत नाहीस. यातलं माझं काम कोणतं ते मला ठाऊक आहे."

"मग बूट वाट."

"वाटतो."

त्याच्या जागी त्या दिवशी एक जास्तीचा पाहुणा वर गेला. नेव्हिलने त्या पाहुण्याच्या बुटाची नाडी स्वतः दोनदा आवळली.

पायऱ्या आता मेरेआना खोदायची. ती खाली आली की तो बुटांच्या खोलीतूनच विचारायचा, "पायऱ्या कशा?"

"मस्त."

"किती बूट मावतो?"

पहिल्या दिवशी ती खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी तिने तळहात आडवा धरून दाखवलं. अर्धा बूट.

"तू हातांनी मारतेस," नेव्हिल म्हणाला. "अंग टाकावं लागतं. पण तुझ्याकडे टाकायला आहेच काय? दुपारी काय खाल्लंस?"

"सफरचंद."

"अन् सकाळी?"

"तेच. अर्धं."

तो तिला घरी घेऊन गेला. नोलीनने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तवा ठेवला. त्यानंतर मेरेआना कामावरून परस्पर त्यांच्याकडेच जेवायला जाऊ लागली. जेवणाआधी मागच्या अंगणात ओंडक्यावर कुऱ्हाड, जेवणानंतर आणखी एक धिरडं. नेव्हिल मागच्या दाराच्या पायरीवर बसून नुसता म्हणायचा, "हात नको. अंग."

हंगाम संपता संपता एका सकाळी ती काट्यावर चढली. क्रेगने आकडा वाचला. मग वळून बुटांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत नेव्हिल एका पाहुण्यासमोर गुडघ्यावर बसून नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"मेरेआना, तुझ्या वजनानेही माझी जागा रिकामी जाणार का आता?"

"अजून नाही," ती टिकाव खांद्यावर टाकत म्हणाली. "पण नोलीन आज मटण भाजणार आहे."