जपानी गाण्याचा अर्थ

माझ्या धाकट्या भावाला एक जपानी गाणं येतं. तो हिंगण्याकडच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे जपानी मशिनी आल्या, तेव्हा त्या शिकायला त्याला काही महिने जपानला पाठवलं. परत येताना त्याने एक छत्री, एक घड्याळ आणि हे गाणं आणलं. छत्री हरवली, घड्याळ बंद पडलं, गाणं राहिलं.

मी खाप्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. आई लवकर गेली, म्हणून या भावाला मीच वाढवलं. पुढे माझा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा नागपूरला त्याच्याकडे आले ती आलेच. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. भाऊ म्हणतो, भावजय म्हणते, गल्लीही म्हणते. मला कोणी काही बोलत नाही आणि मी सगळ्यांना बोलते.

हे गाणं लग्नघरी व्हायचं. हळद आटोपून माणसं बसली की कोणी तरी म्हणायचं, "मामा, जपानी होऊ द्या." भाऊ उभा राहायचा, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून कमरेत वाकायचा आणि पहिली ओळ म्हणायचा. मग मी अर्थ सांगायची. मला जपानी कुठून येणार? तोंडाला येईल ते सांगायची. "म्हणून राहिला, जावई आला अन् घरात साखर नाही." दुसरी ओळ झाली की, "सासू म्हणते मीठ मी टाकलं, सून म्हणते मी टाकलं, आता खा म्हणा वांगे." लोक पोट धरून हसायचे. भाऊ प्रत्येक ओळीनंतर थांबायचा, माझ्याकडे पाहायचा, माझं सांगून झालं की पुढे जायचा. होता होता गाणंच तसं झालं, एक ओळ त्याची, एक माझी. मी एखाद्या लग्नाला गेले नाही, तर त्याला कोणी गायला सांगत नसे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

रिटायर झाल्यावर तो कराओकेच्या क्लबात जायला लागला. मशीन नुसतं वाजतं, शब्द पडद्यावर सरकतात, गायचं आपण. सगळे पन्नाशी-साठीचे पुरुष, केस रंगवलेले, पोटं सुटलेली. जुनी हिंदी गाणी म्हणतात आणि डोळे मिटतात. मला एकदा नेलं होतं. मी तिथेच म्हटलं, "नातवंडं झाले तरी याहिले ते पोरगी अजून हो म्हणून नाही राहिली." त्यानंतर मला नेलं नाही. जपानी गाणं भाऊ तिथे कधीच म्हणाला नाही. का, ते मी विचारलं नाही.

एका मंगळवारी मी शेजारच्या दोघींबरोबर कोराडीला देवीच्या दर्शनाला गेले. आमचं जाऊन येणं म्हणजे दुपार होते. पण त्या दिवशी रांग नव्हती, आणि एकीचा जावई तिथेच भेटला, त्याने गाडीतून आणून सोडलं. दाराशी आलो तर आतून भावाचा आवाज. तेच गाणं, पण मागे क्लबातल्यासारखी मशीनची वाजंत्री. इतक्या वर्षांत मी ते वाजंत्रीवर ऐकलं नव्हतं. तिथेच कळायला हवं होतं.

मी दार लोटलं. तो पाठमोरा उभा होता, बाह्यांना बटणं लावलेला इस्तरीचा सदरा घालून. मी प्रसादाच्या डब्यावर ताल धरला आणि सुरू झाले, "ऐका वं, सांगून राहिला, बायको माहेरी गेली अन् दूध उतू गेलं." मागच्या दोघी खिदळल्या. भाऊ वळला नाही. वाजंत्री थांबत नव्हती म्हणून तोही थांबला नाही. मी आणखी एक ओळ फेकली आणि हसत त्याच्या बाजूला गेले, तेव्हा समोर स्टुलावर उभा केलेला फोन दिसला.

फोनमध्ये एक म्हातारा होता. खाटेवर उशीला टेकवलेला, नाकात नळी. त्याचे ओठ हलत होते. भावाबरोबर तो गात होता, जरा मागे राहून. आमचं हसणं त्याच्यापर्यंत गेलं असणार, कारण त्याचे डोळे बाजूला फिरले, आवाज कुठून येतो ते शोधायला, आणि ओठ थांबले. मग पुन्हा हललेच नाहीत. मी डब्यावरचा हात काढला. मागच्या दोघींना फोन दिसत नव्हता, त्या हसतच होत्या.

भावाने गाणं शेवटपर्यंत म्हटलं. वाकला. फोनमधल्या कोण्या बाईशी चार शब्द जपानीत बोलला, पुन्हा वाकला. मग माइकची वायर गुंडाळत मला म्हणाला, "प्रसाद आणला का?"

एवढंच. चिडला असता तर मीही चिडले असते आणि झालं असतं.

संध्याकाळी मेथी निवडताना भावजयीने सांगितलं. तो म्हातारा कारखान्यातला साहेब, भावाला काम शिकवणारा. तिकडे काम सुटलं की साहेब हाताखालच्या माणसांना घेऊन गायला बसायचा. प्रत्येकाचं आपलं एक गाणं ठरलेलं असतं आणि एकाचं गाणं त्याच्यासमोर दुसरा म्हणत नाही. कसाही गाओ, बाकीचे टाळ्या वाजवतात. भाऊ परत निघाला तेव्हा साहेबाने आपलं गाणं त्याला दिलं. आता साहेब माणसं ओळखत नव्हता, पण हे गाणं गुणगुणत होता, म्हणून त्याच्या मुलीने विचारलं, तुम्ही म्हणाल का?

मी म्हटलं, "मले काहून नाही सांगितलं? मी तोंड उघडलं नसतं."

भावजय मेथीकडेच पाहत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही कोराडीले जाल तेव्हाची वेळ देल्ली होती त्याहिनं."

हे मला लागलं. चूक झाली, ती न कळत झाली असं मी दुपारभर स्वतःला समजावत होते. पण ज्याला मी मोठं केलं, त्याने त्याच्या आयुष्यातलं हे एक काम मी घरात नसताना उरकायचं ठरवलं होतं. आणि त्याचं बरोबर होतं.

थोड्या दिवसांनी जेवणाआधी फोनवर जपानहून निरोप आला. भावाने वाचला आणि उठून आंघोळीला गेला. सकाळी आंघोळ झालेली होती. नात्यातलं कोणी गेल्याचं कळलं की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतात, तसं घेतलं. मी काही न विचारता त्याचा टॉवेल दारावर टाकला.

नंतर एकदा तो अंगणात एकटा बसला होता, तेव्हा मी विचारलं, "त्या गाण्यात खरं काय आहे गा?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या लग्नांत मी अर्थ सांगितला होता आणि हे आज पहिल्यांदा विचारत होते. म्हणाला, "काही खास नाही. एक माणूस गाडीतून आपल्या गावाले उतरते. गावात ओळखीचं कोणी राहिलं नसते. टेशनवर एक ग्लास पिते अन् त्याच गाडीनं वापस जाते."

"बस?"

"बस. तिकडे सारे तसेच गाणे म्हणत. गाव सुटलेले माणसं होते."

मी म्हटलं, आता लग्नात ते म्हणू नको. तो म्हणाला, "नाही कसं म्हणू? ते त्याचं गाणं होय. म्हणणारा आता मीच उरलो."

मग चुलत भावाच्या नातीचं लग्न निघालं, खाप्याला. हळद झाली, आणि पोरांनी गलका केला, मामा जपानी, बाई जपानी. मी ठरवून गेले होते की या वेळी खरं सांगायचं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. भाऊ वाकला, पहिली ओळ म्हणाला आणि सवयीने थांबला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हटलं, "एक माणूस आपल्या गावाले उतरला."

हशा पिकला. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी म्हटलं, "खरंच सांगून राहिली." त्यावर दुप्पट हसले. दुसऱ्या ओळीला मी सांगितलं, "गावात त्याच्या ओळखीचं कोणीच नाही राहिलं," तर एक पोरगा मांडी थोपटायला लागला. मी काय बोलते ते कोणी ऐकतच नव्हतं. मी तोंड उघडलं की हसायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग तिसऱ्या ओळीपासून तो थांबलाच नाही. सलग म्हणत गेला. हसायला जागा मिळेना, तेव्हा लोक आपसात बोलायला लागले, काही जण पंगतीकडे निघाले. तो शेवटी वाकला तेव्हा त्याच्याकडे पाहणारी मी एकटी होते. टाळ्या वाजवायला हव्या होत्या, ते मला हात धुताना आठवलं.

ताट घेऊन बसले तर शेजारी नात्यातली एक सून सरकली. म्हणाली, "बाई, आज नाही जमलं तुमचं."

"नाही जमलं," मी म्हटलं आणि वरण मागितलं.