मामांचं वाफेचं राज्य आणि एक खांब

वाफ गेली आणि जगातली माणुसकी गेली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि नेमका तो माझा सख्खा मामा निघाला. चळवळीत पडल्यापासून हट्टी माणसं मी भरपूर पाहिली. निवेदन हातात न घेणारे साहेब पाहिले, घेऊन त्यावरच चहाचा कप टेकवणारे पाहिले. पण सगळा मुलूख विजेकडे धावत असताना उलट्या दिशेनं, डोळ्यांना गॉगल लावून, निवांत चालत निघालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. गॉगल म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहणारा फायरमन लावतो तो, पितळी कड्यांचा आणि चामडी पट्ट्याचा. अंगात अकरा खिशांचा कोट, प्रत्येक खिशात एकेक नट किंवा बोल्ट, आणि लोक जिथं घड्याळाची साखळी अडकवतात तिथं मामांच्या साखळीला बॉयलरचा दाब दाखवणारा काटा. वाटेत कुणी वेळ विचारली तर मामा थांबत, तो काटा काढत, त्याच्या काचेवर नखानं दोनदा टिचकी मारत आणि गंभीरपणे सांगत, "शून्य. आरामानं जा." टिचकी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "काटा अडकते कधी कधी. आपून लोकं निस्तं पाहतो अन् चाललो जातो."

मामा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फायरमन होते. त्या जिनाच्या भोंग्यावर पंचक्रोशीतल्या बाया भाकरी थापायला बसत आणि तो भोंगा मामांच्या हातात असे. पुढे जिनात विजेची मोटर आली. भोंगा बंद झाला, बॉयलर तुकडे करून भंगारात गेला आणि मामा त्यातला काटा कोटाखाली घालून घरी आले. दुसरा एखादा दारूला लागला असता. मामांनी वही आणली. पहिल्या पानावर 'वऱ्हाडचे वाफराज्य' असं ठळक लिहिलं आणि कादंबरी सुरू केली. अशा अकरा वह्या झाल्या. त्या राज्यात वीज कधी सापडलीच नव्हती. तिथं वाफेच्या दमण्या होत्या, त्यांना जुंपलेले पितळी बैल होते आणि चढावर त्यांच्या नाकपुड्यांतून फुसफुस वाफ निघायची. शेलूबाजारच्या बाजारातून कापसाच्या गाठी फुग्याच्या जहाजानं थेट समुद्रापर्यंत उडत जायच्या. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं कामाला बाहेर निघाली की त्यांची घरंच लोखंडी पायांवर उठून त्यांच्यामागं चालायला लागायची, म्हणजे म्हातारं माणूस मागं राहायला नको, लेकराची शाळा बुडायला नको, आणि चूलसुद्धा विझायला नको. लिहिताना मामा कुणाशी बोलत नसत. पण घर पाय कुठून काढतं, गुडघ्यात तेल किती लागतं, याची चित्रं मात्र जऊळक्याच्या स्टेशनवर नेऊन इंजिन ड्रायव्हरला दाखवत. गाडी पाणी घेईपर्यंत बिचारा ऐकून घेई. एकदा एकानं विचारलं, "हे घर नदी कशी उतरते, बुवा?" मामा तसेच परत आले आणि आठ दिवस जेवले नाहीत धड. नवव्या दिवशी घराला बदकाचे पाय आले.

मला या सगळ्याचा संताप यायचा. हे मी लपवत नाही. मी तेव्हा पत्रकं लिहीत होतो. शब्द तोलून लिहायची माझी रीत नव्हती, मथळ्यापासूनच आग. आणि सायक्लोस्टाइलच्या शाईनं बरबटलेल्या हातांनी घरी यावं तर हा माणूस पितळी बैलाला शिंगं किती असावीत यावर विचार करत बसलेला. "मामा, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुमचे बैल वाफ सोडून राह्यले," असं मी एकदा तोंडावर बोललो. मामांनी वहीतून मान वर केली नाही. "म्हून तं," म्हणाले, "पाणी असल्याशिवाय वाफ होते काय? माह्या राज्यात पयले पाण्याचा बंदोबस्त हाये. तुह्या पत्रकात हाये काय?"

मामींना मात्र या राज्याचा उपद्रव प्रत्यक्ष भोगावा लागे. मामांनी चहाच्या किटलीला भोंगा बसवला, तेव्हा शेजारची गाय दोन दिवस आटली. मग त्यांनी वाफेवर फिरणारं जातं केलं. ते फिरलं, हे मी शपथेवर सांगतो. इतकं फिरलं, की पायलीभर ज्वारीचं पीठ अंगणातल्या निंबावर जाऊन बसलं आणि निंब ऐन उन्हाळ्यात पांढरा दिसायला लागला. मामी सूप घेऊन झाडाखाली उभ्या राहिल्या आणि वर पाहत म्हणाल्या, "मले पीठ पायजे होतं. हा पाऊस कायले पाडला?" मामा गॉगल पुसत म्हणाले, "दाब जरासाक जास्त झाला." "तुमचा जन्मापासूनच जास्त हाये," मामी म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर झोळीसारखा धरून त्यांनी झाड हलवलं.

आता खांबाचं सांगतो. गावात वीज आली आणि पाटलाच्या खळ्याशी येऊन थांबली. आमची बौद्धांची वस्ती तिथून पुढं, नाल्याच्या वळणावर, चाळीस घरांची. तारेला तिथपर्यंत यायला जमेना. आमच्यातलं कुणी आलेलं पत्र वाचायला गावाच्या खांबाखाली उभं राहिलं, की ओट्यावरून आवाज यायचा, "काहून रे, तुमच्याकडं नाही काय खांब?" दरवेळी हसून विचारायचे. ते हसणं मी तीन पत्रकांत लिहिलं. निवेदनं दिली, मोर्चा नेला, कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो, तिथून उठवलं तर फाटकाशी बसलो. दोन वर्षांनी एक खांब मंजूर झाला. एकच. त्या एकावरून पुढं सगळ्या वस्तीला तार जाणार होती. मोजणी करणाऱ्यानं जागा दाखवली: एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला विहाराची भिंत, आणि मधोमध, जिथं खांब रोवता येईल अशी एकुलती एक जागा, मामांचं अंगण. मालकाच्या संमतीचा कागद हवा. लाइनची माणसं आठ दिवस गावात होती; त्यानंतर सामान उचलून दुसऱ्या गावी जाणार आणि पुन्हा कधी येणार हे देवालाही माहीत नव्हतं. देव आम्ही मानत नव्हतो, तो भाग वेगळा.

मामा म्हणाले, "नाही."

मी ओरडलो, विनवलं, पुन्हा ओरडलो. चाळीस घरांचा उजेड तुम्ही अडवून बसला आहात, असं म्हणालो. मामांनी शांतपणे काटा काढून माझ्यासमोर धरला. "हे पाय. आगीत लाकूड आपल्या हातानं टाकाचं. पाणी आपल्या हातानं भराचं. काटा आपल्या डोयासमोर. फुटलं तं आपलं चुकलं, दुसऱ्याचं नाव घ्याची गरज नाही. अन् विजेचं? बटन कुठं हाये? शहरात. त्याच्यावर बोट कोणाचं हाये? तुले माहीत? मले माहीत? त्याच्या मनात आलं तं उजेड, नाही तं बसा अंधारात. कोणाच्या मेहरबानीवर जगाचं नाही असं तूच छापलं ना रे, पत्रकवाल्या? मी वाचलं थे. दोनदा वाचलं."

माझं पत्रक दोनदा वाचलेला माणूस बहुधा तो एकटाच होता, आणि त्यानं ते माझ्याच डोक्यावर आपटलं होतं. शेवटी मामाच म्हणाले, "खेळ माह्यासंगं. जिकला तं कागदावर सही करतो."

हा खेळही त्यांनीच काढलेला. सरकीच्या रिकाम्या पोत्यावर डांबरानं आखलेली वाट, जऊळक्यापासून वाशीमपर्यंत, मधे एक अरुंद पूल. सोंगट्या म्हणजे खिशातले नट, फासे म्हणजे फोडलेले चिंचोके. जे दान पडेल ते दोन भागांत वाटायचं: थोडं आगीला, थोडं पाण्याला. आगीला दिलं तेवढी घरं नट पुढं जातो. पण आग पाण्याच्या वर गेली की बॉयलर फुटला, पुन्हा जऊळक्याला या. आणि एक शेवटचा नियम, जो मामा पूर्वी वस्तीतल्या प्रत्येकाला दरडावून सांगत: पुलावर बसून मागच्याची वाट तीन डाव अडवली, की अडवणाऱ्याचाच बॉयलर फुटतो. "अडवलं की फुटलं!" मामा मांडीवर थाप मारून ओरडत.

मी सात दिवस रोज खेळलो आणि सात दिवस रोज हरलो. दान पडलं की सगळं आगीला द्यायचं, ही माझी सवय. मामा चुकचुकत. "आग लय हाये बाप्पा तुह्यात. पाणी कोण भरीन?" वस्तीतली माणसं येऊन पाहत, हळहळत, मामांना टोमणे मारत. एक म्हातारी तर म्हणाली, "अरे बाबू, याच्यापेक्षा त्या साहेबासंगं खेळला असता तं बरं झालं असतं." मला हसू आलं नाही. ज्यांच्या पायऱ्यांवर दोन वर्षं बसलो ती माणसं परकी होती. त्यांच्यावर चिडता येत होतं. घरच्या माणसावर चिडून थकायला होतं, एवढंच मी त्या आठवड्यात शिकलो.

आठव्या दिवशी सकाळीच लाइनच्या माणसांचा मुकादम बैलगाडीवर खांब घेऊन मामांच्या अंगणासमोर येऊन थांबला. "कागद देता काय, का जाऊ?" मामा म्हणाले, "डाव चालू हाये. बसा." मुकादम गाडीच्या जुवावर बसला. मागं वस्तीतली बायामाणसं उभी. त्या दिवशी मी पहिल्यांदाच पाणी भरत खेळलो. सावकाश, कंटाळलेल्या माणसासारखा. माझा नट पुलापर्यंत आला. पुलावर मामांचा नट होता. मामांनी दान टाकलं, सगळं पाण्याला दिलं आणि जागचे हलले नाहीत. दुसरं दान, तेच. तिसरं, तेच. मी पोत्याकडे पाहत होतो, पण मला काहीच दिसत नव्हतं. पुढं काय लिहायचं, कोणत्या कचेरीत जायचं, याचाच विचार डोक्यात चालला होता.

मामी दारात सुपात तूर पाखडत उभ्या होत्या. त्यांनी सूप थांबवलं.

"तीन डाव झाले," त्या म्हणाल्या. "अडवलं की फुटलं. कोणाचा नियम व्हय हा?"

मामांनी पोत्याकडं पाहिलं. मग गाडीवरच्या खांबाकडं, आणि त्यामागं उभ्या असलेल्या लोकांकडं. गॉगल कपाळावर सरकवला. गाडीचा बैल शिंग हलवत होता. मामांनी पुलावरचा आपला नट उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला.

"फुटला माहा," ते म्हणाले. "आण कागद."

सही करून झाल्यावर त्यांनी मुकादमाच्या हातातली पहार काढून घेतली. खड्डा स्वतः खणला. खांब उभा राहिला तेव्हा ओळंबा लावून तपासला आणि मुकादमाला दोनदा तो पुन्हा सरळ करायला लावलं. "दुश्मन असला तं काय झालं, वाकडा नाही पायजे," म्हणाले.

वस्तीत उजेड आला. मामांच्या घरात मात्र तो अर्ध्याच घरात आला. मामींनी आपल्या बाजूला दिवा घेतला. मामांनी घराच्या मधोमध चुन्याची रेघ मारली, पलीकडे विजेचं राज्य, अलीकडे वाफेचं. ते कंदिलाशी बसून लिहीत. पण रेघेला इतके चिकटून बसत, की वहीचं पान निम्मं मामींच्या उजेडात असे. मामी ते पाहत.

आणि मामा म्हणाले तसंच झालं, हेही सांगितलं पाहिजे. उजेड यायचा, जायचा. गावाकडं असायचा आणि आमच्याकडं नसायचा. मी पुन्हा निवेदनं लिहायला लागलो, पुन्हा त्याच पायऱ्या. मामांनी एकदाही 'मी म्हणलं नोतं काय' असं म्हटलं नाही. अंधार झाला की फक्त रेघेपलीकडे हात करून कंदील मामींच्या बाजूला ठेवत.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. अकराव्या वहीच्या शेवटी चालत्या घराचं एक प्रकरण आहे. लोखंडी पायांचं ते घर साऱ्या मुलखातून हिंडून, बदकासारखी नदी उतरून, थकून आमच्या वस्तीत येतं आणि अंगणातल्या खांबाला, खुंट्याला गाय बांधतात तसं, बांधलं जातं. पुढचं पान कोरं आहे.

काटा मामींनी मला दिला. तो आता माझ्या खिशात असतो. परवा कचेरीत साहेब म्हणाले, "उद्या या." मी पायऱ्या उतरलो, नाल्याकडच्या रस्त्याला लागलो आणि काटा काढून पाहिला. शून्य. तसाच खिशात ठेवणार होतो. मग थांबलो आणि काचेवर नखानं दोनदा टिचकी मारली. अडकला असेल कदाचित.