बाईमूठ

शेठनं माझ्या बायकोच्या हातातली थापी हिसकली आणि ओल्या काँक्रीटमध्ये फेकली.

कुरकुंभला. एका कंपनीच्या नव्या शेडमध्ये. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

वर म्हणाला, "ए पालातल्या! बायकोला सर्कस करायला आणली काय रं हितं?"

हसले सगळे. मिस्त्री हसले. इंजिनियर हसला. तो तर डोक्यावरचं हेल्मेट काढून हसला.

मी तिथं भीक मागायला गेलो नव्हतो. थाप्या विकायला गेलो होतो. बोलावलं म्हणून गेलो होतो. हे आधी सांगून ठेवतो.

आमचा धंदा थापी, रंधा, गुरमाळ्याचा. काँक्रीट ओतलं की ते वरून गुळगुळीत करतात, त्याला घोटाई म्हणतात. त्या घोटाईची हत्यारं आम्ही करतो. भांडगावला, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडात. माझा बाप गाडीत भाता टाकून गावोगाव फिरला. विळे, खुरपी, कुऱ्हाडी करायचा. गाव लागलं की गावाबाहेर पाल ठोकायचं. आमच्या हातचं खुरपं गावाला चालायचं. आम्हाला पाणी मात्र वरून ओतायचे. मी चौथीत शाळा सोडली. बोलतो तसंच लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

गिरजा, माझी बायको, वडगाव रासाईची. म्हंजी गावातली नाही, नदीच्या अंगाला पालं असायची त्यातली. आमच्यात बायका घण मारतात. बाप्या सांडशीत तापलं लोखंड धरतो आणि बाई घण घालते. ही पोरवयापासून घण घालत आलेली. सोयरीक जमवताना माझ्या आईनं आधी तिचे दंड बघितले. तोंड नंतर बघितलं.

शेड टाकल्यावर प्रत्येक थापी तीच तपासायची. शेडच्या कोपऱ्यात वाळू-सिमिट कालवून पसरायची, गुडघ्यावर बसून घोटायची. रेघ उठली की थापी परत माझ्या अंगावर. "पातं वाकडं हाय हिचं." घडवणारा मी. घोटणारी ती. असा आमचा संसार.

तर त्या दिवशी शेठनं माल दाखवायला बोलावलं होतं. शेठ म्हंजी ठेकेदार. तवा त्याची चढती होती. माल दाखवायचा म्हंजी घोटून दाखवायचा. म्हणून गिरजा बसली. पदर खोचला, फळीवर गुडघे टेकले आणि खांबाजवळचा तुकडा घोटायला घेतला. खर्र. खर्र. असा आवाज. काँक्रीट घट्ट व्हायला लागलं की थापीचा आवाज बदलतो, कोरडा होतो. तो मला लांबून कळतो.

पाट्या वाहणाऱ्या बायका थांबल्या. डोक्यावर पाटी तशीच. बांधकामावर बाई म्हंजी पाटी. दिवसभर पाटी, जन्मभर पाटी. थापी बाप्याच्या हातात. त्याला मिस्त्री म्हणायचं आणि हजेरी त्याची तिच्या दुप्पट. त्यातल्या एकीनं पाटी खाली ठेवली. पुढं आली. म्हणाली,

"बाई, मला दे की जरा. बघू."

गिरजा हसली. थापी तिच्यापुढं धरली. तेवढ्यात शेठ आला.

हिसकली. फेकली. जिथं गाडीतून काँक्रीट पडत होतं तिथं.

"ह्यांच्या हातात थापी दिल्यावर पाटी काय तुझा बाप उचलणार का?"

मी धावलो. कोपरापर्यंत हात घातला त्या रेंद्यात. वरून काँक्रीट पडतच होतं. शेठनं माझ्या हाताशेजारी बूट टेकला.

"हात काढ. न्हाईतर हातासकट भरीन."

थापीची मूठ बोटाला लागली होती. खरं सांगतो, लागली होती. दोघातिघांनी मला मागं ओढलं. वर काँक्रीट पडलं. सपाट करायची पट्टी फिरली. मग हसणाऱ्या मिस्त्र्यांनीच ते घोटलं. आरशासारखं केलं. खाली काही आहे, असं कुणी म्हणणार नाही.

सिमिटानं हात भाजला. तिथलं कातडं अजून पांढरं आहे.

फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो. तिची मान खाली. मला वाटलं, रडती. रडत नव्हती. स्वतःचा पंजा बघत होती. मिटायची, उघडायची. परत मिटायची. मग म्हणाली,

"मूठ मोठी व्हती."

"काय?"

"थापीची मूठ वो. बाप्याच्या हाताची हाय ती. माझी बोटं तिच्याभवती पुरी येत न्हाईत. म्हणून सुटली. न्हाईतर त्याच्या बापाला हिसकता आली नसती."

माझ्या डोक्यात शेठची शिवी फिरत होती. तिच्या डोक्यात मूठ.

घरी आल्यावर बाभळीचा तुकडा घेतला आणि बसली तासायला. घेर बारका केला. मधे फुगीर. करंगळीला खाच. कानसून कानसून हाताला बसवली. मी धरून बघितली तर मला चिमटीत धरल्यासारखी वाटली. तिनं धरली आणि म्हणाली, "आता ओढा."

ओढली. येईना. पाय रोवून ओढली. ती फरफटत माझ्या अंगावर आली, पण थापी हातातून सुटली नाही. जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. "आता ये म्हणावं त्याला."

नावही तिनंच ठेवलं. बाईमूठ.

दौंडला, शिरूरला हार्डवेअरच्या दुकानांत घेऊन गेलो. एकजण म्हणाला, "मामा, भातुकलीचा माल कवापासून काढला?" दुसरा म्हणाला, "बायकांनी थाप्या धरल्यावर आमी काय भाकरी थापायच्या का?" माल परत. तिनं सोडलं नाही. मोठ्या मुठीच्या मालातून वेळ काढून एखादी बाईमूठ करायचीच. परत आलेली भिंतीला टांगायची. दसऱ्याला सगळ्या उतरवायची, तेल पाजायची, हळद-कुंकू लावून परत टांगायची. भिंत भरली. पहिली मात्र तिनं विकायला कधी काढलीच नाही. गिरजा तिच्यानंच घोटायची. मूठ काळी पडली त्या थापीची, गिरजाच्या घामानं.

मागच्या उन्हाळ्यात गिरजा गेली. दम लागायचा. दौंडला नेलं, तिथून पुण्याला. छातीत धूळ साठली म्हणाले. सिमिटाची का लोखंडाची ते कुणी सांगितलं नाही. शेवटाला माझा अंगठा धरून होती. जीव गेला तरी धरलेला. सोडवायला नर्सला तिचं एकेक बोट उचलावं लागलं.

तवापासून आवाज येतो.

लाइट गेली की. ग्राइंडर बंद पडतो, शेड गप होतं आणि कोपऱ्यातून, जिथं ती बसायची तिथून. खर्र. खर्र. दिवसाढवळ्या. माझा मुलगा दत्ता म्हणतो, आबा, पत्रा तापतो, त्याचा आवाज हाय. पत्रा तड्‌ करतो, खर्र करत नाही. आणि दत्ताची बायको मंदा, आता मुठी तीच करते, लाइट गेली की तिची मान त्या कोपऱ्याकडं वळते. मी बघितलंय. कधीकधी मला वाटतं आवाज कोपऱ्यातला नाहीच. खालून येतोय. लांबून. कुरकुंभच्या त्या शेडखालून, जिथं वरून मालाच्या गाड्या फिरतात आणि खाली तिची थापी कोरडीच घासत असते.

माझी मेहुणी म्हणाली, "दाजी, तिचा जीव अडकलाय. शांत करून घ्या."

दत्ता पण म्हणाला, करून टाकू आबा.

मग शेठ आला.

पांढरी गाडी. शेड ओलांडून पुढं गेली आणि मागं आली. आता तो लई मोठा माणूस. केस पांढरे, हातात दोरे. खुर्चीवर बसला. मला "मामा" म्हणाला. "तुम्ही" म्हणाला.

"मामा, वहिनी गेल्याचं कळलं. वाईट झालं."

मग कामाचं काढलं. शिरूरकडं मोठं गोडाऊन बांधायचं होतं. पायाभरणीला एक साहेब येणार आणि हात लागणार साहेबांच्या मॅडमचा. थापीनं सिमिट लावायचं, फोटो काढायचा. पण मॅडमचा हात बारका. मोठी थापी फोटोत बरी दिसत नाही.

"दौंडात कळलं तुमच्याकडं बायकांची थापी मिळती. आपल्या अख्ख्या तालुक्यात कुणाकडं न्हाई बघा!"

भिंतीकडं बघितलं. उठला. एकेकीवरून बोट फिरवलं आणि बरोबर पहिलीवर थांबला.

"ही द्या. जुनं लाकूड फोटोत भारी दिसतं. पात्याला तेवढी चमक मारा, लाल रिबीन आम्ही बांधतो." मग दत्ताकडं वळून, "आन् साइटची सगळी हत्यारं तुमच्याकडूनच. शब्द हाय माझा."

दत्ताचा चेहरा फुलला. त्याचा दोष नाही. मशीनचा माल आल्यापासून भट्टी रोज पेटत नाही आमची.

"आबा, द्या की. एक थापी तर हाय. भिंतीला टांगून काय करायचं?"

मी म्हणालो, "शेठ, कुरकुंभचं शेड आठवतंय का?"

"कुठलं, मामा? लई शेडं बांधली."

"तिथं तुम्ही एक थापी फेकली व्हती. काँक्रीटात."

विचार केला त्यानं. खरंच केला. मग हसला. "फेकली असंल. साइटवर डोकं फिरतं माणसाचं."

त्याला आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हता तो. माझा हात पांढरा पडला, ती फाट्यावर पंजा मिटत-उघडत बसली, भिंत भरली, माणूस मेलं. आणि ह्याच्याकडं त्यातलं काहीच नाही. शिवी दिली तवा लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

तेवढ्यात लाइट गेली.

ग्राइंडर गरगरत थांबला. शेड गप झालं. आणि आला. खर्र.

मंदा उठली. भिंतीपाशी गेली आणि ती पहिली थापी काढली. शेठला वाटलं, द्यायला आणती. हात पुढं केला. "आण पोरी." पात्याला धरून ओढली.

आली नाही.

हसला. परत ओढली. मंदा एक पाऊल पुढं ओढली गेली. बोटं पांढरी झाली तिची. थापी जागची हलली नाही.

"सोड की गं."

मंदा म्हणाली, "ओढा."

शेठ हसायचा थांबला. माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो,

"शेठ, तुमची थापी कुरकुंभला हाय. तुम्हीच ठेवलीया. कोबा फोडा आन् न्या काढून. ही मॅडमच्या फोटोसाठी न्हाई."

त्यानं पातं सोडलं. रुमालानं हात पुसला. "मामा" गेलं, "तुम्ही" गेलं.

"पालातलं ते पालातलंच."

"व्हय," मी म्हणालो. "पालातलंच."

गाडी गेली. काम गेलं. दत्ता माझ्याशी बोलणं टाकून बसला. दुकानदारांचे फोन कमी झाले, शेठचा शब्द सगळीकडं चालतो. चालू दे.

मी भिंतीवरच्या थाप्या पोत्यात भरल्या. पहिली सोडून. ती आता मंदाची. सकाळच्या गाडीनं दौंडला गेलो, जिथं मजूर कामाची वाट बघत उभे राहतात त्या चौकात. बायका बसल्या होत्या, शेजारी डब्याची पिशवी. मी पोतं उघडलं. एकीच्या हातात थापी दिली. पैसे नको म्हणालो.

तिनं धरली. बोटं पूर्ण वळली मुठीभोवती. मी बघितलं. तिनं हवेत मनगट फिरवलं, घोटल्यासारखं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाट्या वाहताना बघितलं असणार. बाकीच्या बघत होत्या. मग तिनं थापी परत माझ्या हातात ठेवली.

"आबा, भारी हाय वो. पर ही माझ्याकडं दिसली तर उद्या मला गाडीत घेणार न्हाईत."

"पिशवीत ठेव. दाखवू नको कुणाला."

"दाखवायची न्हाई तर घेऊन काय करू?"

टेम्पो आला. पाट्यांच्या ढिगावर बसून त्या गेल्या. पोतं भरलं तसंच घरी आलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, आबा, लोखंड घेऊन फिरताय व्हय या वयात?

व्हय. फिरणार. उद्या त्याच चौकात. नाहीच घेतली तर परवा. मग शिरूरला. मग कुरकुंभच्या फाट्यावर, जिथं ती बसली होती तिथंच. मोठ्या मुठीची थापी आता माझ्या हातनं होणार नाही. दत्ताला करायची तर त्यानं करावी, भट्टी मोकळी आहे. माझ्या हातनं बाईमूठच होईल. कुणी घेवो न घेवो.

आणि मेहुणीला मी निरोप धाडलाय. शांत करायची नाही. ब्राह्मण नको, देवऋषी नको, काही नको. जवर एखादी बाई भर साइटवर, सगळ्यांच्या देखत पाटी खाली ठेवून थापी धरत नाही आणि ओढली तरी सोडत नाही, तवर माझ्या बायकोला कुणी शांत करायचं नाही.

घासू दे तिला.