बिब्ब्याने सुजलेले ओठ

ईशान आणि मीरा, परवा फोनवर ईशानचे सुजलेले ओठ पाहून मी हसले, आणि मग मला बोलवेना. तुम्हाला वाटलं, आजीचं नेट गेलं. नेट नीट होतं. कच्चा आंबा सालीसकट चावला की काही जणांचे ओठ असे होतात. माझे एकदा याहून वाईट झाले होते. त्याची गोष्ट शेवंतामावशीला सोडून सांगता येत नाही, आणि मावशीला ओळखणारी आपल्या घरात आता मीच उरले आहे.

मेडशीला, माझ्या माहेरच्या गावी, शेवंतामावशी आमच्या वावरात कामाला यायची. ती नवबौद्ध. तिच्या घरचं खायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. मी तो रोज दुपारी मोडायची. कारण मावशीची चूल. होळीच्या आधी ती टेकडीवरून बिब्बे आणायची. काळ्या बीच्या डोक्यावर पिवळं, मऊ फळ असतं. ते वाळवून निखाऱ्यावर भाजलं की खजुरासारखं गोड लागतं. काळ्या बीतलं तेल मात्र कातडी जाळतं.

"कुमे, वरचं खाय. काळ्याले हात लावू नोको," ती बजावायची. "खायाच्या आंदी आपण पाहावं, नाही तं मंग डाक्तर पाह्यते."

मला पाहायचंच होतं, आत काय आहे ते. एक अख्खा बिब्बा चोरून मी फ्रॉकच्या खिशात घातला आणि गोठ्यामागे जाऊन दातांनी फोडला.

सकाळपर्यंत वरचा ओठ नाकाला टेकला होता. माझ्या आजीला सांगितलं, मधमाशी चावली. आजीने लगेच गड्याला निंबावर चढवून मोहोळ शोधायला लावलं. त्या बिचाऱ्याला तीन माश्या चावल्या, आणि त्या मात्र खऱ्या होत्या.

एवढ्यात मावशी कामाला आली. माझं तोंड पाहिलं, तशीच परत गेली, आणि खोबरं न् तीळ वाटून घेऊन आली. अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"बाई, माशी नाही हे. बिब्बा उतला. हे लावा."

"बिब्बा हिले कोणं देल्ला?" आजी गरजली.

मी मावशीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.

"म्याच देल्ला. माह्या घरी खाते ते. पोरीले नोका बोलू."

"ठेव ते तिथं खाली. अन् उद्यापासून येऊ नोको."

मावशी गेल्यावर आजीने वाटी उचलली आणि तोच लेप माझ्या ओठांना लावला. "औषधाले काही नसते," असं पुटपुटत. चार दिवसांत ओठ उतरले. मी तोंड उघडू शकत होते, तरी खरं बोलले नाही. पुढे मला शिकायला अमरावतीला पाठवलं. तिथे इंग्रजी आलं, बरंच काही आलं.

तुमच्या आईच्या जन्मानंतर एकदा मेडशीला गेले, तेव्हा सरळ मावशीच्या घरी गेले. ती ज्वारी निवडत होती. "या ताई," म्हणाली. कुमी म्हणाली नाही. मला ते लागलं.

"मावशी, तो बिब्बा मी चोरला होता."

"मले मालूम होतं."

"मग काहून सांगितलं नाही? तुझं काम गेलं."

"तुले दुखून राह्यलं होतं न." तिने सूप बाजूला ठेवलं. "कामाचं काय, दुसऱ्याच्या वावरात भेटलं. जेवतं का? भाकर हाय, ठेचा हाय."

मी जेवले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, "शहरात राहून लेकीचं तोंड नाजूक झालं." लेकीचं म्हणाली.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला अजून दुपारी तिच्या चुलीजवळ जाऊन बसावंसं वाटतं. ती चूल राहिली नाही, सुनेने गॅस घेतला. पण घर आहे, सून आहे, आणि मेडशीला गेले की मी तिच्याकडेच जेवते.